झाडाच्या दोन्ही बाजूंना

२ जून

ही वही बोर्डिंगच्या शाळांची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या बाईंनी मागच्या वर्षी दिली. बोर्डिंगबद्दल जे आठवेल ते लिहून काढा, मन हलकं होतं, असं म्हणाल्या. मला तिथलं विशेष काही आठवत नाही. जेवण वेळेवर मिळायचं, झोपायला गाद्या होत्या. पहिलं वर्षभर मी कुणाशी एक शब्द बोलले नाही, पण मी मुळातच कमी बोलणारी आहे. एवढी चांगली जाड पानांची वही वाया जायला नको म्हणून आजपासून रोजचं लिहायचं ठरवलं आहे.

आज नगरपालिकेत बैठक झाली. ऑगस्टमध्ये समेटाचा दिवस पाळायचा आहे. राजधानीतून कुणी मोठे साहेब येणार, आम्हा सामी लोकांची माफी मागणार, मग कॉफी आणि केक. मी समितीवर आहे कारण मला दोन्ही भाषा येतात आणि नाही म्हणता येत नाही. कार्यक्रम जुन्या बोर्डिंगच्या जेवणघरात घ्यावा असं ठरलं. तिथे आता संगीताचे वर्ग भरतात. मीही म्हटलं, हॉल मोठा आहे, गाड्या लावायला जागा आहे. म्हातारा आस्लाक मात्र टोपी घालून मधूनच उठून गेला. त्याला गुडघ्यांचा त्रास आहे.

बैठक संपल्यावर कार्यालयातल्या मुलीने मला बाजूला घेतलं. दक्षिणेत रांदी नावाची एक पंचाहत्तर वर्षांची बाई आहे. लहानपणी आमच्या बोर्डिंगमधून तिला खोकल्यासाठी दवाखान्यात पाठवलं होतं आणि दवाखान्याच्या कागदावर तिच्या वडिलांचं नाव आहे ते आमच्या वडिलांचं. तिला इथे यायचं आहे.

माझ्या जन्माआधी घरात एक मुलगी होती, राव्ना, एवढं मला माहीत होतं. तिचं नाव कुणी घेत नसे. वडील तिला शोधत दोनदा शाळेत गेले होते. मुलगी चांगल्या ठिकाणी आहे, असं त्यांना दोन्ही वेळा सांगण्यात आलं. मग आमचे लोक गप्प बसले. गप्प बसण्यात आमचा हात कुणी धरू शकणार नाही.

४ जून

योव्नाला सांगितलं. माझा भाऊ अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. राव्नाला नेलं तेव्हा तो दहा वर्षांचा होता आणि त्याच शाळेत होता. तो रेनडिअर धरायचा फास दुरुस्त करत बसला होता. मी सगळं सांगून होईपर्यंत त्याने मान वर केली नाही. शेवटी एवढंच विचारलं, "कधी?" मी तारीख सांगितली. तो उठून कुंपण बघायला गेला. कुंपण त्याने कालच बघितलं होतं.

योव्नाबद्दल एक लिहून ठेवते. तो नॉर्वेजियन बोलत नाही. डॉक्टरशी नाही, बँकेत नाही, राजा समोर आला तरी नाही. येत नाही असं नव्हे. रोज सकाळी रेडिओवर हवामान ऐकतो ते नॉर्वेजियनमध्येच, आणि वाऱ्याचा अंदाज चुकला तर त्या निवेदकाला सामीत शिव्या देतो. शाळा सुटल्यापासून त्याचं हे असंच आहे. त्यामुळे त्याचं बाहेरचं सगळं बोलणं माझ्या तोंडून होतं. आता रेनडिअरचा कळप त्याची मुलगी बीरेत सांभाळते. ती म्हणते, "आत्या, तू मेलीस की बाबा मुका होईल."

९ जून

रांदीबाई आल्या. बुटक्या आहेत, फिकट रंगाचा कोट, आणि हातात स्ट्रॉबेरीची पेटी. वाटेत निम्म्या स्ट्रॉबेरी चेपल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "मी रांदी." योव्नाने टोपी काढून हातात धरली. त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि सामीत म्हणाला, "हिचे पाय आईसारखे पडतात." पहिल्याच भेटीत कुणाच्या पायांबद्दल बोलणं मला बरं दिसेना. मी त्यांना सांगितलं, विमान वेळेवर आलं म्हणतोय.

जेवायला बिदोस केलं होतं, म्हणजे रेनडिअरचं मटण आणि बटाट्यांचा रस्सा. मटण छान शिजलं होतं. सगळं सुरळीत चाललं होतं आणि रांदीबाईंनी हसत विचारलं, "तुमच्याकडे रेनडिअर किती आहेत?"

बीरेतच्या घशात बटाटा अडकला. आमच्यात हे कुणी कुणाला विचारत नाही, बँकेत पैसे किती विचारल्यासारखं होतं ते. नवरा बायकोलाही मोघमच सांगतो. रेनडिअर कार्यालयातली माणसं विचारतात, पण त्यांचा तो धंदाच आहे. मी भाषांतर करू की नको अशा विचारात असताना योव्नाने चमचा खाली ठेवला. तो म्हणाला, "झाडाच्या दोन्ही बाजूंना."

हे आमचं ठरलेलं उत्तर आहे. कुणी आगाऊपणा केला की हे द्यायचं. मी भांडी घासताना त्यांना समजावून सांगितलं. त्या कानापर्यंत लाल झाल्या. म्हणाल्या, मला हे कुणी शिकवलंच नाही. त्यांचा दोष नाही, हे मलाही कळतं. तरी पहिल्याच जेवणात असं व्हायला नको होतं.

११ जून

रांदीबाईंना एक वाईट खोड आहे. समोर कागदी रुमाल आला की फाडतात. एक कोपरा तिरका फाडायचा, मग कडेला नखाने दोन खाचा करायच्या, मग दुसरा घ्यायचा. बोलतानाही हात चालूच. ब्रेडच्या तुकड्यालाही तसंच करतात. जेवण झालं की टेबलाखाली सगळा कचरा आणि झाडू माझ्या हातात. मी आज स्पष्टच विचारलं. त्या ओशाळल्या. म्हणाल्या, लहानपणापासून आहे, चादरीच्या कडा अशा कातरल्या म्हणून मार खाल्ला, तरी सुटत नाही. त्यांच्या मुलांच्या वह्यांचे कोपरेसुद्धा त्यांनी असेच फाडले होते.

बाकी बाई त्रासदायक नाहीत. सकाळी उठल्या उठल्या चादरीखाली हात फिरवून कोरडी आहे का बघतात, मग अंथरूण ताणून नीट करतात. मीही तेच करते. म्हणजे ही सवय सगळ्यांनाच असणार.

त्यांनी आज आपली हकीकत सांगितली. दवाखान्यात दीड-दोन वर्षं गेली. तिथे त्या प्रश्नांना उत्तरं देत नसत, म्हणून मंद मुलांच्या शाळेत घातलं. उत्तरं देत नसत कारण प्रश्नच कळत नसत. तिथून एका शेतकऱ्याच्या घरी गेल्या. त्या घरी एक रांदी आधी वारली होती. तिचे कपडे हिला बसले, आणि कपड्यांबरोबर नावही मिळालं. लोक वाईट नव्हते, असं त्या दोनदा म्हणाल्या. पुढे लग्न झालं, मुलं झाली, नवरा गेला. सामीतला एक शब्दही उरलेला नाही.

मी विचारलं, आता इथून तुम्हाला काय हवं आहे? पैसे, कागद, जमीन असलं काही असेल तर आधीच माहीत असलेलं बरं.

"त्याने मला एकदा ओळखायला हवं. बाकी काही नको," त्या म्हणाल्या. "नाही ओळखलं तर मी तीन जुलैच्या विमानाने जाते. पुन्हा येणार नाही, आणि तुमच्या त्या कार्यक्रमातही बोलणार नाही. उभी तरी कुणाची म्हणून राहू?"

कार्यक्रमपत्रिकेवर त्यांचं नाव छापून झालं आहे.

१४ जून

आज वाईट झालं. कॉफी पिताना रांदीबाई म्हणाल्या, मला इथलं एकच चित्र आठवतं. शाळेसमोर डॉक्टरांची गाडी उभी होती. मला आत बसवलं. योव्ना भिंतीपाशी उभा होता. मी त्याला हाका मारल्या, काच बंद होईपर्यंत मारल्या. तो बुटांकडे बघत राहिला. "मला राग नाही त्याचा," त्या म्हणाल्या. "गाडीचा आवाज होता. त्याला ऐकू गेलं नसेल."

मी हे जसंच्या तसं सामीत सांगितलं. माझं कामच ते आहे. योव्ना कपाकडे बघत होता. मग त्याने टेबलावरचा एक फाटका रुमाल उचलला, घडी केली, छातीच्या खिशात घातला आणि बाहेर निघून गेला. नाक पुसायला घेतला असेल. रांदीबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मी कॉफी ओतू लागले. कप आधीच भरलेला होता.

१८ जून

योव्नाशी भांडले. त्याला म्हटलं, ती तुझी बहीण आहे, हजार मैल चालत आल्यासारखी आली आहे आणि तू नाकावर माशी बसू देत नाहीस. तिला सामी येत नाही. तुला नॉर्वेजियन येतं. एक वाक्य बोललास तर तुझी जीभ झडणार आहे का?

तो म्हणाला, "त्या भाषेपायी मी एकदा गप्प बसलो, मारेत. तेवढं पुरे झालं."

मला यातून काही कळलं नाही. तो आयुष्यभर गप्पच बसलेला आहे, त्यात एकदा कुठला? बोर्डिंगमध्ये सामी बोलताना सापडलं की शिक्षा व्हायची हे खरं, पण ती सगळ्यांनाच व्हायची. मला तळघरात फक्त दोनदा ठेवलं होतं.

२३ जून

समुद्राकाठच्या तळावर आलो. डास आहेत. रांदीबाई चाकांची सूटकेस घेऊन चिखलातून आल्या. बीरेत म्हणाली, चाकं ठेवा, मोटारसायकलला लागतील. बाई खळखळून हसल्या. त्यांचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. बीरेतने त्यांना आपला रेनकोट दिला, तो त्यांच्या घोट्यापर्यंत येतो.

कळप खाली उतरला आहे. पाडसांनी छान अंग धरलं आहे. दुर्बिणीतून बघताना चुकीच्या कानांच्या माद्याही दिसल्या.

ही योव्नाची जुनी गंमत आहे. आमच्याकडे ज्याची त्याची खूण रेनडिअरच्या कानांवर सुरीने कापलेली असते. ज्याची मादी, त्याची खूण तिच्या पाडसाला. योव्नाची खूण म्हणजे डाव्या कानाचं टोक तिरकं आणि खाली एक खाच. पण काही माद्यांना एकीच्या जागी दोन खाचा आहेत. फार पूर्वी कधीतरी त्याचा हात घसरला असणार. आणि हा इतका हट्टी, की चूक कबूल करायला नको म्हणून त्या मादीच्या पाडसांनाही दोनच खाचा करत आला, त्यांच्या पाडसांनाही, आणि पुढेही तसंच. सगळा तळ त्यांना 'योव्नाची चूक' म्हणतो. बिननोंदीची खूण म्हणून कार्यालयाच्या माणसाने दोनदा नोटीस दिली. योव्नाने त्याच्यासमोर आपला हात धरून थरथरवून दाखवला. माणसाला दया आली. तो गेल्यावर योव्नाने त्याच हाताने काठोकाठ भरलेला कप उचलला आणि थेंब सांडला नाही.

रांदीबाईंनी विचारलं, तुम्ही दुर्बिणीतून कशाला हसताय? मी म्हटलं, काही नाही, घरचा विनोद आहे.

२८ जून

पाऊस, वारा. खुणा करायचं काम बंद. चौघं एका तंबूत बसून आहोत. रांदीबाईंनी पिशवी अर्धी भरून ठेवली आहे. योव्ना दिवसभर सुरीला धार लावतो आहे. त्या सुरीला एवढी धार लागत नाही.

रुमाल संपले. त्यांनी विलोच्या झुडपांची पानं खुडायला सुरुवात केली आहे.

१ जुलै

सगळं नीट लिहून ठेवायला हवं.

वारा पडला, ऊन नव्हतं, काम सुरू झालं. पाडसांच्या गळ्यात नंबरांच्या पट्ट्या बांधून त्यांना सोडलं. मग आम्ही नेहमीप्रमाणे गप्प बसून राहिलो. पाडसं थोडा वेळ सैरभैर धावतात, ओरडतात, मग प्रत्येक जण आपल्या आईच्या मागे लागतो. त्या वेळी कोण कुणामागे गेलं ते दुर्बिणीतून बघायचं. हे काम माझं. मग बीरेत एकेक पाडस फासाने धरते आणि ओरडते, "कुणाचं?" मी आईचे कान बघून मालकाचं नाव सांगते.

रांदीबाई कुंपणाला टेकून उभ्या होत्या. परवाचं विमान होतं. त्यांना मी म्हटलं होतं, एवढं बघून जा, पुन्हा बघायला मिळणार नाही.

सकाळ अशीच गेली. मग बीरेतने एक तांबूस पाडस धरलं आणि ओरडली, "कुणाचं?"

मी ओरडले, "योव्नाचं. चुकीच्या कानाचं."

दरवर्षीप्रमाणे लोक हसले. योव्ना पाडसाशी गुडघ्यावर बसला आणि त्याने सुरी काढली. पण कान धरला नाही. छातीच्या खिशातून तो कागदी रुमाल काढला, उलगडला आणि गुडघ्यावर सपाट केला. तो माझ्यापासून चार पावलांवर होता, तरी मी दुर्बिणीतूनच बघत होते. कोपरा तिरका. खाली एका कडेला दोन खाचा. त्याने तो पाडसाच्या कानाशेजारी धरला आणि मान वळवून कुंपणाकडे बघितलं.

मग तो नॉर्वेजियनमध्ये बोलला. जुन्या क्रमिक पुस्तकातलं, एकेक शब्द सुटा, दहा वर्षांच्या मुलाने वर्गात उभं राहून म्हणावं तसं.

"राव्ना. मला ऐकू आलं होतं."

बीरेतने पाडस आणखी घट्ट धरलं.

"मी भिंतीपाशी होतो. तू हाक मारलीस. ओ दिली असती तर सामीत दिली असती आणि शाळेच्या बाई मागे उभ्या होत्या. मी ऐकलं होतं. सगळ्या हाका ऐकल्या होत्या." त्याने सुरीने कळपाकडे दाखवलं. "दोन खाचांची आहेत ती तुझी. बाबांनी तुझी खूण ठेवली. ते गेल्यावर मी. ये इकडे."

ती कुंपणाच्या फळीवरून कशी आली ते मला कळलं नाही, त्या रेनकोटात. त्याने सुरी उलटी करून मूठ तिच्याकडे केली. तिने ती घेतली नाही. म्हणाली, मला येत नाही. त्याने तिचा हात धरून कानावर ठेवला. तिने टोक तिरकं कापलं. पहिली खाच वेडीवाकडी झाली, दुसरी बरोबर आली. रक्त आलं ते अगदी थोडं. पाडस सुटून आईकडे पळालं.

कानाचे तुकडे ज्याचे त्याने ठेवायचे असतात, मोजदादीला. योव्नाने ते उचलून तिच्या तळहातावर ठेवले आणि तिची मूठ मिटली. मग दोघंही तसेच चिखलात बसून राहिले. तो रडत होता. मी त्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं, आईच्या वेळीही नाही.

बीरेतच पहिली बोलली. "बघ बाबा, थोरल्या आत्याचा हात तुझ्यापेक्षा बरा आहे. हिच्या तरी दोन्ही खाचा मुद्दाम केलेल्या आहेत." लोक हसले आणि पुढचं पाडस धरलं.

भाषांतराचं काम नव्हतं. मी डास मारत उभी राहिले.

२ जुलै

टेबलाखालचे ते तुकडे मी दिवसेंदिवस झाडून काढत होते. लहानपणी वडिलांनी मलाही विलोच्या पानावर माझी खूण नखाने करायला शिकवलं होतं. शाळेत जायच्या आधी सगळ्या मुलांना शिकवत. घरचं दुसरं काही नेता येत नसे. मी आयुष्यभर कान वाचत आले आणि माझ्या घरात कागदावर कापलेला कान मला वाचता आला नाही.

योव्नाला विचारलं, आम्हाला का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, ती मेली असेल, सोड आता." हे खरं आहे. मी तर नक्की म्हटलं असतं.

मला हेवा वाटला हेही लिहून ठेवते. इतकी वर्षं मी त्याची कॉफी केली, त्याच्या वतीने डॉक्टरांशी बोलले. माझ्याशी कधी असं बोलला नाही. हे त्याला सांगितलं नाही. पण जेवताना तो आपणहून म्हणाला, "मारेत, बोर्डिंगमध्ये तुला सोडायला मी आलो होतो. तू मागे वळून बघितलं नाहीस. मी हात वर करून उभा होतो." मला हे मुळीच आठवत नाही. त्यानंतर मला जेवण गेलं नाही. मी ताट हाताच्या कोंडाळ्यात धरून बसले होते, ते राव्नाने पाहिलं आणि आपलंही तसंच धरलं.

तिने उद्याचं विमान रद्द केलं.

१७ ऑगस्ट

समेटाचा दिवस पार पडला.

साहेब वेळेवर आले. जेवणघरात खुर्च्या मांडल्या होत्या, फुलं होती, माइक होता. आमची म्हातारी माणसं मात्र अंगणात उभी. आस्लाक, त्याच्या बहिणी, खालच्या वाडीतले सगळे, ठेवणीतले गाकती अंगरखे घालून, दारापासून दहा हात लांब. आत या म्हटलं तर येतो येतो म्हणत आणि पाय हलत नसे. समितीच्या लोकांची धावपळ झाली. मला आत बोलावलं. मी दारापर्यंत गेले. आतून फरशीच्या साबणाचा वास आला, अजून तोच साबण वापरतात वाटतं. मग माझ्या लक्षात आलं की कॉफीचे थर्मास बाहेर आहेत आणि त्यांच्याकडे कुणीतरी लक्ष द्यायला हवं. मी बाहेरच थांबले.

राव्ना माझ्या शेजारी उभी होती. योव्ना तिच्या शेजारी. बराच वेळ साहेब आत आणि आम्ही बाहेर.

शेवटी तेच बाहेर आले. माइकची वायर पुरली नाही. ते तसेच पायरीवर उभे राहून बोलले. चुकीचं झालं, सरकारने केलं, क्षमा मागतो, असं म्हणाले. मी सामीत सांगत होते. मागून आस्लाक म्हणाला, "मोठ्याने बोल म्हणावं. ह्या अंगणात आम्हाला ओरडून सांगितलेलंच कळतं." मी हे जसंच्या तसं सांगितलं. आता मी काही गाळत नाही. साहेब थांबले, आणि पहिल्यापासून पुन्हा मोठ्याने बोलले. त्या माणसाबद्दल मला बरं वाटलं.

मग राव्नाचं नाव पुकारलं. छापलेल्या पत्रिकेत रांदी होतं. तिने महिनाभर घोकलं होतं ते सामीत म्हणाली. "मी राव्ना. मी योव्नाची आणि मारेतची बहीण." एवढंच म्हणून परत येऊन उभी राहिली. पुढचं ती विसरली होती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, टोप्या काढल्या.

नंतर केक झाला. साहेब कप घेऊन आमच्याकडे आले. भले गृहस्थ होते, काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. तुमची गोष्ट ऐकली, आता तुमचीही रेनडिअर आहेत म्हणे, छान. किती आहेत?

योव्ना थांबला. आस्लाक थांबला. बीरेतने केक खाली ठेवला. राव्नाला तो प्रश्न माझ्या मदतीशिवाय कळला होता, तिचीच भाषा ती. तिने कोटाच्या खिशात हात घातला. त्या खिशात काय आहे ते आम्हाला माहीत होतं. ती साहेबांकडे बघून हसली आणि सामीत म्हणाली, "झाडाच्या दोन्ही बाजूंना."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी शब्दन् शब्द भाषांतर केलं. त्यांनी मान हलवली, आणि शाळेच्या अंगणात एकच बर्च आहे त्याच्याकडे वळून आधी एका बाजूला बघितलं, मग दुसऱ्या. आस्लाक इतका हसला की त्याला धरून बसवावं लागलं.

खरा आकडा मला माहीत आहे. इथेही लिहिणार नाही.